हिशेबात नसलेला धूर

सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानाच्या टाक्या काठोकाठ भरल्या तर त्यांत सुमारे ९,६०० किलो इंधन मावतं. विमानाचं एक किलो इंधन जळलं की ३.१५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो, म्हणून वायूचं वजन इंधनापेक्षा जास्त भरतं. म्हणजे भरलेल्या टाक्यांमागे तीस टन. आपल्या देशात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यात त्याची वीज, त्याचा एसटीचा प्रवास, घरातला गॅस, भिंतींना लागलेलं सिमेंट, सगळं आलं. पंधरा माणसांच्या अख्ख्या वर्षाचा हा कार्बन सुखोई तीन-साडेतीन तासांत हवेत सोडतं. आफ्टरबर्नर पेटवला तर त्याहून कितीतरी लवकर.

ही विमानं आपल्या ओळखीची आहेत. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात ती जोडली गेली आणि पुण्यात लोहगावला त्यांचा तळ आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दल आणि प्रवासी विमानं मिळून वापरतात. सरावासाठी सुखोईची जोडी उठली की विमाननगरात फोनवर बोलणारा माणूस मध्येच थांबतो, आवाज विरेपर्यंत वाट बघतो आणि मग तुटलेलं वाक्य पुढे नेतो. हवाई दलाकडे अशी अडीचशेहून अधिक विमानं आहेत. २६० धरली आणि प्रत्येकाने टाक्या एकदाच रिकाम्या केल्या, तर ७,८०० टन.

हा आकडा मोठा की लहान? चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. ते पूर्ण क्षमतेने चालवलं तर ७,८०० टन कार्बन डायऑक्साइड तीन तासांच्या आत बाहेर पडतो. भारतात कोळशाच्या विजेतून वर्षाला शंभर कोटी टनांहून जास्त कार्बन निघतो. त्याच्यापुढे लढाऊ विमानांचा वाटा फारच थोडा आहे, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. मला अस्वस्थ करतो तो वेगळाच फरक. चंद्रपूरच्या कार्बनचा हिशेब केंद्रीय विद्युत प्राधिकरण नियमितपणे प्रसिद्ध करतं. कॉलेजातली कोणीही मुलगी ती फाइल उतरवून घेऊ शकते, तपासू शकते, त्यावर प्रश्न विचारू शकते. सुखोईचा, रणगाड्याचा, विनाशिकेचा आकडा मात्र कुठेच छापलेला नाही. हे फक्त भारताचं नाही. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक विकसनशील देशांच्या हवामान अहवालांत सैन्याचा रकाना एक तर रिकामा असतो किंवा नसतोच.

आता पैशांचं प्रमाण बघू. स्टॉकहोमची ‘सिप्री’ ही संस्था जगभरच्या लष्करी खर्चाची मोजदाद ठेवते. २०२४ मध्ये सगळ्या देशांनी मिळून सैन्यावर २,७१८ अब्ज डॉलर खर्च केले. शीतयुद्ध संपल्यापासून एका वर्षात झालेली ही सर्वांत मोठी वाढ होती, ९.४ टक्के. दर सेकंदाला ८६ हजार डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर सेकंदाला ७३ लाख रुपये. हे वाक्य वाचेपर्यंत काही कोटी रुपये खर्च झालेले असतात. यात अमेरिकेचा वाटा ९९७ अब्जांचा. चीनचा अंदाजे ३१४ अब्ज. भारत ८६.१ अब्जांसह पाचवा, आणि पाकिस्तान १०.२ अब्जांवर.

पण लोकसंख्येने भागलं की चित्र पालटतं. अमेरिका माणशी सुमारे २,९०० डॉलर खर्च करते, भारत साठच्या आसपास, पाकिस्तान चाळीस. तेव्हा लष्करी धुराची चर्चा दिल्ली किंवा इस्लामाबादपासून सुरू करणं न्यायाचं होणार नाही. ब्राउन विद्यापीठाच्या युद्धखर्च प्रकल्पात नेटा क्रॉफर्ड यांनी पेंटागॉनचा हिशेब मांडला तेव्हा २०१७ या एका वर्षाचा आकडा आला ५.९ कोटी टन. स्वीडन, पोर्तुगाल यांसारख्या देशांच्या संपूर्ण उत्सर्जनाहून जास्त, आणि तोही एका खात्याचा. जगात तेल वापरणारी याहून मोठी संस्था नाही, असं क्रॉफर्ड सांगतात.

सगळ्या जगाची सैन्यं मिळून किती? ब्रिटनमधल्या दोन संस्थांनी, ‘सायंटिस्ट्स फॉर ग्लोबल रिस्पॉन्सिबिलिटी’ आणि ‘कॉन्फ्लिक्ट अँड एन्व्हायर्न्मेंट ऑब्झर्व्हेटरी’ यांनी, २०२२ मध्ये जो अंदाज काढला तो जागतिक उत्सर्जनाच्या साडेपाच टक्क्यांचा आहे. सुमारे २७५ कोटी टन. भारताने आपला २०२० सालचा आकडा दिला आहे तो जंगलांनी शोषलेला कार्बन वजा न करता २९६ कोटी टनांचा. म्हणजे जगभरच्या फौजा मिळून जवळजवळ एका भारताएवढा धूर सोडतात. हा सगळा मिळून एक देश असता तर चीन, अमेरिका आणि भारत यांच्या मागोमाग चौथा आला असता. रशिया त्याच्या मागे पडला असता. अंदाजाची खालची मर्यादा १६४ कोटी टन आहे आणि वरची ३४८ कोटी. खालच्याच्या दुपटीहून वरचा जास्त, एवढी दरी! आणि तिचं कारण एकच, देश आकडे देत नाहीत.

का देत नाहीत याला इतिहास आहे. १९९७ मध्ये क्योटोला हवामान करार ठरत होता. तेव्हा अमेरिकेच्या शिष्टमंडळाने पेंटागॉनच्या आग्रहावरून एक सवलत मिळवली: आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागणारं जहाजांचं आणि विमानांचं इंधन आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार होणाऱ्या बहुराष्ट्रीय मोहिमांचं उत्सर्जन कुठल्याही देशाच्या खात्यात धरायचं नाही. सवलत मिळवली, पण पुढे अमेरिकेने क्योटो करार मंजूरच केला नाही. मोजमापाच्या नियमांतलं ते भोक मात्र जगाच्या वाट्याला राहिलं. २०१५ च्या पॅरिस करारात सरसकट सूट गेली, तरी सक्ती आली नाही. ज्याला सांगायचं त्याने सांगावं, एवढ्यावर विषय थांबला. संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यात सैन्याच्या इंधनासाठी रकाना आहे, १.ए.५ या क्रमांकाचा. त्याचं नाव ‘इतर’.

विकसनशील देशांवर तर तक्ता भरण्याची घाईही नव्हती. ऐतिहासिक उत्सर्जन श्रीमंतांचं असल्यामुळे ही मोकळीक रास्त होती, आणि तेव्हा ती मिळवण्यासाठी भारताने केलेला वाद मला आजही योग्य वाटतो. भारताने पहिला राष्ट्रीय अहवाल २००४ मध्ये दिला, दुसरा २०१२ मध्ये. चौथा द्वैवार्षिक अहवाल गेला ३० डिसेंबर २०२४ रोजी. त्यात वीज आहे, सिमेंट आहे, भातशेती आहे, गाई-म्हशी रवंथ करताना सुटणारं मिथेनसुद्धा आहे. सैन्याचं वेगळं खातं नाही.

समजा, आपल्या सैन्याचा वाटा जागतिक सरासरीच्या कितीतरी खाली, फक्त एक टक्का आहे. मग आकडा होतो २.९६ कोटी टन. संपूर्ण श्रीलंकेतून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो त्याहून तो जास्त आहे. अर्धा टक्का धरला तरी दीड कोटी. खरा आकडा यातला कुठला, हे सांगता येईल असं एकही सरकारी कागदपत्र नागरिकाच्या हातात नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये होते. सेकंदाला २ लाख १६ हजार रुपये. केंद्राच्या एकूण खर्चातला १३.४५ टक्के हिस्सा. पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाला त्याच वर्षी मिळाले ३,४१३ कोटी. दोन आकड्यांत दोनशे पटींचं अंतर आहे. अपारंपरिक ऊर्जेचं मंत्रालय वेगळं आहे आणि त्याला २६,५४९ कोटी मिळाले, तेही सांगितलं पाहिजे.

मात्र संरक्षणावरचा प्रत्येक रुपया धूर होत नाही. १ लाख ६० हजार कोटी पेन्शनचे आहेत. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत, कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात, कोकणात हे पैसे पोरांच्या फीला, घराच्या स्लॅबला, दवाखान्याला जातात. पगाराचंही तसंच. कार्बन साचतो तो दुसरीकडे. टी-९० रणगाडा किलोमीटरला दोन ते तीन लीटर डिझेल पितो आणि लीटरमागे २.६८ किलो कार्बन सोडतो. अहिल्यानगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात शिकणारा जवान पहिल्या फेरीत हे गृहीत धरूनच चालतो. माझगाव डॉकने बांधलेली विशाखापट्टणम वर्गाची विनाशिका ७,४०० टनांची आहे. तिच्या वजनातलं निम्मंच पोलाद धरलं आणि भारतात एक टन पोलाद बनवताना अडीच टन कार्बन निघतो हे लक्षात घेतलं, तर समुद्र बघण्याआधीच तिच्या नावावर नऊ हजार टन लागलेले असतात.

आणि मग सियाचेन.

१३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’मध्ये भारतीय जवान बिलाफोंड ला या खिंडीत उतरले. तेव्हापासून सुमारे ७५ किलोमीटर लांबीच्या त्या हिमनदीवर आणि तिच्या पश्चिमेच्या साल्तोरो धारेवर आपलं सैन्य बारा महिने आहे; पाकिस्तानचं पलीकडे, बरंचसं खालच्या उंचीवर. तिथली बाना पोस्ट ही चौकी २१,१५३ फुटांवर आहे. थंडीत पारा उणे पन्नासपर्यंत उतरतो. तिथे जिवंत राहण्यासाठी ऊब लागते आणि ऊब म्हणजे रॉकेल. बुखारी म्हणजे ऊब देणारी शेगडी रॉकेलवर, स्वयंपाक रॉकेलवर, पाण्यासाठी बर्फ वितळवायचा तोही रॉकेलवर. हिमनदीवर रॉकेल चढवायला पाइपलाइन टाकली आहे. जिथे पाइप पोचत नाही तिथे हेलिकॉप्टर. सर्वांत उंच हेलिपॅडवर हवा इतकी विरळ असते की चीता हेलिकॉप्टर जेमतेम वीस-तीस किलो सामान घेऊन उतरू शकतं. एक जेरीकॅन, फार तर दीड. त्या एका जेरीकॅनसाठी हेलिकॉप्टर तळावरून उडतं, पंखा चालू ठेवूनच काही सेकंद टेकतं, सामान खाली पडतं आणि ते परत फिरतं. त्याआधी तेच रॉकेल मैदानातून ट्रकने किंवा चंदीगडहून उडणाऱ्या मालवाहू विमानाने लडाखमध्ये आलेलं असतं. वर जळणाऱ्या लीटरभर रॉकेलच्या मागे वाटेत किती लीटर जळाले, हा हिशेब सैन्याच्या रसदवाल्यांना नक्की माहीत असणार, कारण त्यावरच त्यांचं नियोजन चालतं.

बुखारीची काजळी जवानांच्या फुप्फुसात जाते, कफ काळा पडतो. उरलेली बर्फावर बसते. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, काळवंडलेला बर्फ ते पितो आणि वितळतो. हिमनदीचं पाणी नुब्रा नदीत, तिथून श्योकमध्ये आणि पुढे सिंधूत जातं. त्या सिंधूवर पलीकडच्या कोट्यवधी लोकांची शेती आहे. २०१८ पासूनच्या साफसफाईत सैन्याने वर्ष-दीड वर्षात सुमारे १३० टन कचरा तिथून खाली आणला; बर्फात तो कुजत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो.

सियाचेनवर गोळीपेक्षा हवामानानेच जास्त जीव घेतले. १९८४ पासून तिथे ८६९ जवान आणि अधिकारी गेले, हा आकडा सरकारने २०१५ च्या डिसेंबरात संसदेत दिला. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, १९,६०० फुटांवरची सोनम चौकी हिमकड्याखाली गाडली गेली. दहा जण गेले, त्यांत एक आपल्या साताऱ्याचा होता. त्यांतलेच हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण दिल्लीच्या रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. त्याआधी २०१२ च्या एप्रिलमध्ये पलीकडे गायारीला हिमस्खलनात पाकिस्तानचे १४० लोक एका पहाटेत गाडले गेले होते.

मुंबईचे गिर्यारोहक हरीश कपाडिया यांनी सियाचेनवर ग्रंथ लिहिला आणि तिथे दोन्ही देशांनी मिळून शांती उद्यान करावं हा विचार वर्षानुवर्षं मांडला. त्यांचा मुलगा, लेफ्टनंट नवांग कपाडिया, २००० साली काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढताना शहीद झाला. सैन्यावर प्रेम असणं आणि हिमनदीची काळजी करणं या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच माणसात किती खोलवर असू शकतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. संरक्षणाच्या खर्चाचा हिशेब मागणाऱ्याकडे संशयाने बघण्याची सवय आपल्याकडे पडली आहे. ती चुकीची आहे, असं मला ठामपणे वाटतं.

त्याचा पुरावा महालेखापरीक्षकांच्या अहवालातच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात अतिउंचावरच्या जवानांच्या साहित्याची तपासणी होती. बर्फात डोळे वाचवणाऱ्या गॉगलचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के निघाला. खास रेशनमध्ये महागड्या पर्यायी वस्तू दिल्याने जवानांच्या पोटात जाणारी ऊर्जा काही बाबतींत ८२ टक्क्यांपर्यंत घटली होती. कोणीतरी कागद काढले, गॉगल मोजले, कॅलरी मोजल्या, म्हणून हे बाहेर आलं. त्या मोजणीने सैन्य दुबळं झालं नाही. जवानाच्या बाजूने कोणीतरी बोललं. पण त्याच वर्षी तेव्हाचे महालेखापरीक्षक राजीव महर्षी यांनी सांगितलं की संरक्षणाचे लेखापरीक्षण अहवाल जाणूनबुजून वेबसाइटवर टाकले जात नाहीत, कारण परदेशात बसलेला कोणीही ते वाचू शकेल. परदेशातल्या माणसाला लागलेली ही बंदी सोलापूरच्या पदवीधरालाही लागली.

कारभार आणि धूर यांचा संबंध इथे येतो. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू जॉर्गेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांची १९७० ते २००० या काळातली आकडेवारी तपासली. सैन्य जितकं मोठं आणि जितकं यंत्रांवर अवलंबून, तितका देशाचा कार्बन वाढतो, असं त्यांना दिसलं. पण त्याच खर्चातून किती धूर निघतो आणि किती पैसा मधल्यामध्ये गळतो, हे माझ्या मते वह्या उघड्या आहेत की बंद, यावर ठरतं.

नायजेरियात राज्यपालांना दर महिन्याला ‘सिक्युरिटी व्होट’ नावाची रक्कम मिळते. बरीचशी रोख आणि हिशेब न मागता. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलने २०१८ मध्ये या रकमेचा वार्षिक अंदाज ६७ कोटी डॉलरहून अधिक काढला. तो त्या देशाच्या लष्कराच्या वार्षिक बजेटपेक्षाही जास्त होता. बोको हरामशी लढणाऱ्या सैनिकांना शस्त्रं कमी पडत असताना शस्त्रखरेदीच्या २.१ अब्ज डॉलरचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून २०१५ मध्ये तिथल्या माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांना अटक झाली. दुसऱ्या बाजूला वीज. बावीस कोटी लोकांच्या त्या देशाच्या ग्रिडमधून चार-पाच हजार मेगावॉटच वीज मिळते. महाराष्ट्राची उन्हाळ्यातली सर्वोच्च मागणी तीस हजारांच्या घरात आहे. मग लागोसमध्ये सलूनवाला जनरेटर चालवतो, टायर पंक्चरवाला चालवतो, दवाखाना चालवतो. लक्षावधी छोट्या जनरेटरांचा हा धूर कुठल्याही लष्करी खात्यात येणार नाही. पण हिशेब नसलेला पैसा तारा आणि रोहित्रांपर्यंत पोचत नाही, तेव्हा त्या धुराचा एक धागा त्या बंद वहीकडे जातोच.

पाकिस्तानने जून २०२५ मध्ये मांडलेल्या बजेटमध्ये एकूण खर्च सात टक्क्यांनी कमी केला आणि संरक्षण वीस टक्क्यांनी वाढवलं, २,५५० अब्ज पाकिस्तानी रुपयांपर्यंत. लष्करी पेन्शनचे ७४२ अब्ज त्यात धरलेले नाहीत; ते नागरी खर्चात दाखवतात. २०२२ च्या पुरात त्या देशाचे ३ कोटी ३० लाख लोक सापडले, १,७०० हून अधिक मेले आणि नुकसान ३० अब्ज डॉलरच्या वर गेलं. त्यांच्या तीन वर्षांच्या सगळ्या लष्करी खर्चाइतकं. जगाच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. सिंधच्या शेतकऱ्याला दोन्ही बाजूंनी मार बसला, आणि तो शेतकरी आपला शत्रू आहे असं मी मानत नाही.

श्रीलंकेत यादवी २००९ ला संपली, फौज मात्र दोन लाखांच्या आसपासच राहिली. २०२२ मध्ये देश दिवाळखोर झाला, पेट्रोलसाठी लोक दिवसचे दिवस रांगेत उभे राहिले. पुढच्या जानेवारीत सरकारने ठरवलं की २०३० पर्यंत लष्कर एक लाखावर आणायचं. रिकाम्या तिजोरीने घ्यायला लावलेला हा निर्णय होता.

कोस्टारिकाचं उदाहरण अशा चर्चेत हमखास येतं. १ डिसेंबर १९४८ रोजी होसे फिगेरेस यांनी सैन्यच बरखास्त केलं. १९८० च्या दशकात जंगल देशाच्या जेमतेम एक चतुर्थांश भागावर उरलं होतं. पेट्रोल-डिझेलवरच्या करातून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे द्यायला १९९७ पासून सुरुवात झाली आणि आज निम्म्याहून अधिक देश जंगलाखाली आहे. पन्नास लाखांचा तो देश. त्याच्या सीमेवर अण्वस्त्रधारी शेजारी नाहीत, आपल्या आहेत. भारताने फौज मोडावी असं म्हणणाऱ्याशी मी सहमत होणार नाही.

जगाच्या प्राधान्यांबद्दल मात्र संताप येतो. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी वर्षाला १०० अब्ज डॉलर हवामान निधीचं वचन दिलं, २०२० ची मुदत ठरवली आणि ते पूर्ण केलं २०२२ मध्ये. २०२४ च्या नोव्हेंबरात बाकूला नवं वचन मिळालं: २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. जगाच्या लष्करी खर्चाच्या वेगाने ही रक्कम चाळीस दिवसांत संपते. पूर, दुष्काळ, चक्रीवादळ यांनी आधीच उद्ध्वस्त झालेल्या देशांसाठीच्या ‘हानी आणि नुकसान’ निधीत पहिल्या दीड वर्षात जमा झालेली वचनं ७५ कोटी डॉलरच्या आसपास होती. सैन्यांवर तेवढा खर्च व्हायला अडीच तास पुरतात. युक्रेनमधल्या युद्धाच्या पहिल्या तीन वर्षांत २३ कोटी टन कार्बन हवेत गेल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला आहे; त्याचं खापर कुठल्याच देशाच्या माथी फुटणार नाही, पण त्याची उष्णता मराठवाड्यालाही लागणार.

सैन्याच्या आतली माणसं या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे आहेत, हे मला आशादायक वाटतं. प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियन १९८२ पासून काम करतात. पहिलीने मसुरीच्या चुनखडीच्या खाणींनी बोडके झालेले डोंगर हिरवे केले. मराठवाड्यात महार रेजिमेंटची १३६ क्रमांकाची पर्यावरण बटालियन २०१७ पासून छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात झाडं लावते आहे, माजी सैनिकांच्या हातांनी. पूर्व लडाखमध्ये चुशूलला सैन्य आणि एनटीपीसी यांनी मिळून सौरऊर्जा आणि हायड्रोजनवर चालणारं २०० किलोवॉटचं केंद्र उभारायला घेतलं, डिझेल जनरेटर बंद करण्यासाठी. सोनम वांगचुक यांनी २०२१ मध्ये दहा जवानांसाठी बनवलेल्या तंबूत रॉकेलचा एक थेंबही न जाळता रात्री १५ अंशांची ऊब टिकते. चौकीवर जाणारा प्रत्येक जेरीकॅन वाचला की एक फेरी वाचते आणि कधीतरी एक जीवही. उंचावरच्या कमांडरला हे सांगावं लागत नाही, त्याला बर्फातली रसद पाठ असते.

राहतो तो गुप्ततेचा आक्षेप. कुठल्या तळावर कुठल्या महिन्यात किती इंधन गेलं हे छापलं तर शत्रूला हालचाली कळतील, यात तथ्य आहे. पण मागणी त्याची नाहीच. मागणी आहे देशाच्या एका वर्षाच्या एकत्रित आकड्याची. आपला डिसेंबर २०२४ चा अहवाल २०२० सालचा आहे. चार वर्षं जुन्या, सगळी दलं मिळून केलेल्या बेरजेतून कोणाला कुठली तुकडी कुठे होती ते कळणार? ब्रिटन आणि जर्मनी हे नाटोचे देश आपल्या सैन्याच्या इंधनाचं उत्सर्जन कळवतात आणि त्यांची सुरक्षा त्यामुळे ढासळलेली नाही.

कागदही तयार आहेत. सैन्यात तेल, डिझेल आणि वंगणाच्या साठ्याला एफओएल डेपो म्हणतात, आणि तिथल्या प्रत्येक बॅरलची आवक-जावक सही-शिक्क्यानिशी नोंदलेली असते. एचएएल, माझगाव डॉक, भारत इलेक्ट्रॉनिक्स या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत. २०२२-२३ पासून सेबीच्या नियमामुळे त्या आपल्या कारखान्यांचं उत्सर्जन वार्षिक अहवालात छापतात. म्हणजे एचएएलच्या कारखान्यांतून एकूण किती कार्बन निघाला हे भागधारकाला कळतं, आणि तिथे जोडलेलं विमान पुढची तीस-चाळीस वर्षं किती सोडतं हे नागरिकाला कळत नाही. संरक्षण मंत्रालयाकडे १८ लाख एकर जमीन आहे, पुण्याच्या कॅम्प-खडकीपासून ते राजस्थानच्या वाळवंटापर्यंत. तिच्यावरच्या झाडांनी किती कार्बन शोषला तोही याच हिशेबात जमेच्या बाजूला मांडता येईल, आणि तो मांडला जावा असं सैन्यालाच वाटायला हवं. पुढचा राष्ट्रीय अहवाल तयार करताना १.ए.५ च्या रकान्यात ‘इतर’ऐवजी सेना, नौदल आणि हवाई दल अशा तीन ओळी घालायच्या आहेत. त्यासाठी संसदेला नवा कायदा करावा लागत नाही. पर्यावरण मंत्रालयाने संरक्षण मंत्रालयाला एक पत्र लिहायचं आहे, आणि ते लिहिलं गेलं का, हे विचारणारा एक प्रश्न आपल्या खासदारांपैकी कोणीही संसदेत टाकू शकतो.